मे महिन्यात विहिरी मोजायला निघण्याआधी

दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, एखाद्या पाणलोटाचा नकाशा करायचा, म्हणजे खडक आणि पाणी दोन्ही एकाच कागदावर आणायचं, तर सगळ्यात आधी तारीख ठरवा आणि ती मे महिन्यातलीच ठरवा. तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि आतली भिंत वरपासून खालपर्यंत उघडी मिळते, दिवसभर टेकड्या फिरून दिसत नाही तेवढा खडक एका न बांधलेल्या विहिरीत दिसतो. दुसरी फेरी ऑक्टोबर संपता संपता नाहीतर नोव्हेंबरमध्ये, त्याच विहिरींवर.

घरी बसून करायचं काम आधी उरका. सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट काढून घ्या, त्यात २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर आणि कंटूर, म्हणजे सारख्या उंचीची रेघ, बहुतेक २० मीटरला एक. जिओलॉजिकल सर्व्हेच्या भूकोश पोर्टलवर आधी झालेलं मॅपिंग बघा, इस्रोच्या भुवन पोर्टलवर सॅटेलाइट इमेज उघडा आणि जिथे ओढा मध्येच फूटपट्टी लावल्यासारखा सरळ धावतो तिथे पेन्सिलीने रेघ मारून ठेवा, तिथे भेगांचा पट्टा असू शकतो नाहीतर डाइक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हाची उभी भिंत. धुळे-नंदुरबारकडे तर डाइक काळ्या भिंतीसारखे शेतांमधून उभे दिसतात, पण सगळीकडे इतकं सोपं नसतं, म्हणून ती रेघ जागेवर जाऊन तपासेपर्यंत पेन्सिलीचीच राहू द्या.

उंचीचं मात्र नीट समजून घ्या. आपल्याकडचे लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत, त्यामुळे दोन थरांमधली सीमा साधारण कंटूरच्या सोबतीने जाते आणि उंची चुकली की ती सीमाच भलत्या शेतात जाते. मोबाइलच्या जीपीएसमध्ये जागा बऱ्यापैकी बरोबर येते, उंचीवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही, शिवाय काही अ‍ॅप समुद्रसपाटीपासूनची उंची न दाखवता एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीचा गणिताने धरलेला गुळगुळीत आकार असतो त्यावरची, दाखवतात आणि भारतात या दोन्हींत कित्येक दहा मीटरचा फरक पडतो. म्हणून ज्याची उंची माहीत आहे असा एखादा बेंचमार्क निवडा, सकाळ-संध्याकाळ तिथे रीडिंग घ्या आणि आपला आकडा किती सरकतोय ते वहीत लिहा.

बॅगेत हातोडा, १० पटीचं भिंग, चष्मा (बेसाल्टची कपची डोळ्याकडे फार जोरात येते, हे विसरू नका), ड्रॉपरच्या बाटलीत १० टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. पोकळीतला पांढरा दाणा अ‍ॅसिडने फसफसला तर कॅल्साइट, गप्प राहिला तर झिओलाइट किंवा क्वार्ट्झ. होकायंत्र घ्या पण खडकावर टेकवू नका, बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि सुई भरकटते, खडकापासून दोन पावलं मागे येऊन भेगेची दिशा नजरेने जुळवा आणि तेव्हा हातोडाही बाजूला ठेवा.

एक छोटा आरसा मात्र हमखास घ्या. काठावर उभं राहून आरशाने ऊन विहिरीत सोडायचं आणि कवडसा हळूहळू खाली न्यायचा, की काळी माती, मुरूम, मग मांजऱ्या (पांढऱ्या दाण्यांनी भरलेल्या पोकळ्यांचा बेसाल्ट), मग कठीण पाषाण, मध्येच हातभर तांबडा बोल (दोन लाव्हा थरांमधला लाल मातीसारखा थर), असं एकेक उजळत जातं आणि कुठल्या सांध्यातून पाणी झिरपतंय तेही ओल चमकते म्हणून लगेच कळतं. विहिरीत उतरायचं नाही, पायऱ्या कितीही चांगल्या दिसल्या तरी नाही, आत हवा खराब असू शकते.

आता पाण्याची पातळी. टेपला खाली वजन, शेवटच्या मीटरभर खडू लावलेला, म्हणजे कुठपर्यंत भिजलं ते वाचता येतं, नाहीतर पाण्याला टेकल्यावर वाजणारा साउंडर. आणि प्रत्येक विहिरीला काठडा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून लिहायचंच. माझ्या पहिल्या सर्व्हेत ते मी लिहिलं नव्हतं, काही विहिरी जमिनीपासून मोजल्या होत्या, काही काठड्यावरून, आणि सगळा मोसम वाया गेला, अजून त्याची हळहळ वाटते. हिशोबच करून बघा. १ चौरस किलोमीटरमध्ये पातळी सरासरी ३ मीटर उतरली आणि झिजलेल्या बेसाल्टची पाणी सोडण्याची क्षमता २ टक्के धरली तर ६० हजार घनमीटर पाणी वापरलं गेलं, म्हणजे ६ कोटी लिटर. काठड्याची अर्ध्या मीटरची चूक सगळीकडे झाली तर त्यातले १ कोटी लिटर नुसते कागदावरचे.

मोटार शेवटची कधी चालली ते विचारल्याशिवाय रीडिंग लिहू नका, उपसा झाल्यावर पातळी तात्पुरती खाली गेलेली असते. थ्री फेज कधी असते ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा आणि लाइट यायच्या आधी, पहाटे पहाटे विहिरीवर पोचा.

ग्रामपंचायतीचं पत्र सोबत असू द्या, सरपंचांना आधी फोन करा, पण खरी माहिती विहीर खोदलेल्या म्हाताऱ्या माणसाकडेच असते. "काका, बाहत्तरच्या दुष्काळात ही आटली होती का?", "बोअरला लाल माती किती फुटांवर लागली?" असं नेमकं विचारा, लाल धुरळा म्हणजे बहुधा बोलचा थर आणि तो शेजारच्या विहिरीतल्या बोलशी उंचीने जुळतो का ते बघायचं. विहिरीची खोली ते परसात सांगतील, म्हणजे माणसाच्या अंगावरून धरलेल्या जुन्या मापात, ती तशीच लिहून घ्या आणि शेजारी आपलं माप मीटरमध्ये, कारण प्रत्येकाचा परस वेगळा.

पाण्याच्या गुणवत्तेसाठी ईसी (विद्युतवाहकता, त्यावरून पाण्यातल्या क्षारांचा अंदाज येतो) आणि पीएच मीटर, निघण्याआधी १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणावर ईसी तपासलेला. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरायची, जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र अजिबात विसळायची नाही. पिण्याच्या विहिरीचं नायट्रेट नक्की तपासा, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि जास्त निघालं तर नकाशा पूर्ण व्हायची वाट न बघता त्या घरी जाऊन सांगा.

झऱ्यासाठी बादली आणि स्टॉपवॉच पुरतं. १५ लिटरची बादली २० सेकंदांत भरली तर मिनिटाला ४५ लिटर, दिवसाचे ६४,८०० लिटर. तीनदा मोजून सरासरी घ्या.

वही पेन्सिलीचीच, विहिरीचा नंबर, तारीख, वेळ, फोटोत हातोडा ठेवून माप. ऑफलाइन नकाशे डाउनलोड करा, पॉवर बँक, पाणी, टोपी. आणि ऑइलपेंटची छोटी डबी नि ब्रश, मालकाला विचारून काठड्यावर जिथे टेप धरला तिथे बाणाची खूण करायची, म्हणजे नोव्हेंबरमध्ये तुमच्याऐवजी दुसरं कोणी गेलं तरी टेप तिथेच धरला जाईल.