इलेक्ट्रिक मोटरसायकलवरून पाचगणीला निघताय? आधी आकडा काढा

गेल्या डिसेंबरात ताईला मागे बसवून पुण्याहून पाचगणीला निघालो होतो. भाचीच्या बोर्डिंगचं स्नेहसंमेलन सकाळी दहाला. साडेबाराला पोचलो तेव्हा मांडव उतरवत होते आणि भाची पायरीवर बसलेली, पोवाड्यातल्या मावळ्याची मिशी गालभर पसरलेली. मधले तीन तास आम्ही सुरूर फाट्यावरच्या एका रसवंतीत काढले, गाडी चरकाशेजारच्या प्लगला लावून. या डिसेंबरात पुन्हा जायचंय, म्हणून ही यादी. मुख्यतः माझ्यासाठी आहे, पण तुम्हीही तसेच निघणार असाल तर वाचा.

हेल्मेट, लायसन, पाण्याची बाटली, हे मी सांगायची गरज नाही. रात्री फुल चार्ज करा, हेही नाही.

सांगायचं ते हे: निघायच्या आठवडाभर आधी, ज्या वेगाने जाणार त्याच वेगाने, तेवढंच वजन घेऊन, हायवेवर तीस किलोमीटर गाडी चालवा आणि किती टक्के गेले ते लिहून ठेवा. यालाच मी आकडा म्हणतो. मागच्या वेळी मी सगळं नेलं होतं, पंक्चर किट, दोन रेनकोट (डिसेंबरात!), ताईचे बेसनाचे लाडू. फक्त हा आकडा नव्हता. सकाळी मीटर अजून ११५ किलोमीटर जाईल असं दाखवत होता आणि धनकवडीहून पाचगणी माझ्या हिशेबाने ९३. म्हटलं, बावीस किलोमीटर वर शिल्लक आहेत.

मीटरवरचे ते ११५ कुठून येतात हे कळलं असतं तर ही वेळ आली नसती. आदल्या आठवड्यात तुम्ही जशी चालवली, त्यावरून तो अंदाज बांधतो. मी काय चालवली होती? धनकवडी ते स्वारगेट, सिग्नल ते सिग्नल, तीस-पस्तीसने, एकटा. त्याला बिचाऱ्याला ताई माहीत नाही, खंबाटकीचा घाट माहीत नाही. कंपनीच्या रेंजचंही तेच. प्रमाणपत्रासाठी जी इंडियन ड्रायव्हिंग सायकल वापरतात, तिच्यात वेग ताशी ४२ किलोमीटरच्या वर जातच नाही, सरासरी तर २२ सुद्धा भरत नाही. आकडा खोटा नसतो, फक्त तुमच्या प्रवासाचा नसतो. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. रिव्होल्टच्या आरव्ही ४०० ला ३.२४ युनिटची बॅटरी. त्याच बॅटरीवर कंपनी स्वतः इकोमध्ये १५०, नॉर्मलमध्ये १०० आणि स्पोर्टमध्ये ८० किलोमीटर सांगायची. गाडी तीच, बॅटरी तीच, फरक वेगाचा.

माझी गाडी वेगळी आहे, बॅटरी साधारण चार युनिटची. आता आकडा कसा काढायचा. खेड शिवापूरच्या पुढे बऱ्यापैकी मोकळा पट्टा मिळतो. तिथून पंधरा किलोमीटर जा आणि त्याच रस्त्याने पंधरा उलटे या. उलटे यायचंच, कारण जाताना वारा पाठीवर असेल तर येताना तोंडावर येतो, उतार असेल तर चढ होतो, आणि हिशेब बराचसा सरळ होतो. मागे खरंच कोणाला तरी बसवा. ताई आता तालमीला येत नाही, मी शेजारच्या पोराला नेलं, वडापावच्या बोलीवर. पन्नासने तीस किलोमीटरला २७ टक्के गेले. दुसऱ्या रविवारी सत्तरने ४२. तिसऱ्या वेगाची गरजच उरली नाही.

या फरकाचं कारण म्हणजे हवा. तीस-पस्तीसला ती जाणवत नाही. पुढे मात्र वेगाच्या वर्गाने अंगावर येते. पन्नासचे सत्तर केले की दर किलोमीटरला हवा रेटायला लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट. टायरचं घर्षण फारसं बदलत नाही, म्हणून एकूण खर्च दुप्पट न होता दीडपट होतो. त्यात समोरून वीसचा वारा असेल तर पन्नासने चालवूनही हवेच्या लेखी तुम्ही सत्तरनेच जाताय. मोटरसायकलवर माणूस ताठ बसतो, मागचा त्याहून ताठ, जर्किन फुगतं, दोन्ही बाजूंना लटकवलेल्या बॅगा शिडासारखं काम करतात. सामान आडवं पसरू नका. एकच सॅक, दोघांच्या मध्ये. जर्किनची चेन गळ्यापर्यंत. आणि कोणी सांगेल ट्रकच्या मागे चिकटून चालव, वारा लागत नाही. लागत नाही हे खरं, पण ट्रकने ब्रेक मारला की तुम्ही थेट त्याच्या हौद्यात. अजिबात करू नका.

वेळेचं गणित मी नंतर, रस पिता पिता केलं. धनकवडी ते सुरूर अडुसष्ट किलोमीटर धरा. सत्तरने सुमारे अठ्ठावन्न मिनिटं, पन्नासने ब्याऐंशी. चोवीस मिनिटं वाचवली आणि तीन तास रसवंतीत बसलो. ताई म्हणाली, "अरे, एसटीने गेलो असतो तर मधल्या वेळात वाईचा ढोल्या गणपतीही झाला असता." त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

तर आकडा काढला का? काढला असेल तर पुढचं काम पाच मिनिटांचं. जखमेवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी घ्या, मीटरच्या खाली चिकटवा आणि पेनाने लिहा. माझ्या पट्टीवर आहे: वेग ५०, शिरवळ ६०, सुरूर ३५, वाई २५. म्हणजे शिरवळला साठ टक्क्यांच्या खाली असलो तर वेग उतरवायचा, तिथल्या तिथे. मीटर किती किलोमीटर म्हणतोय ते बघायचंच नाही, टक्केच बघायचे. पट्टी दिसायला भिकार दिसते, दिसू दे. पन्नासने जाताना डावी लेन सोडायची नाही, मागून हॉर्न वाजतील, पोरं कट मारून पुढे जातील, मूठ शिवशिवेल. एकेका ओव्हरटेकची किंमत मोजलीत तर शिवशिवणं थांबतं. चालत्या टेम्पोला मागे टाकायला मूठ पूर्ण पिळली की ते वीस सेकंद मोटर एरवीच्या तिप्पट-चौपट वीज ओढते. इको मोड लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. मोड फक्त मनगटाला आवर घालतो, वीज वाचवते ती सावकाश पिळलेली मूठ. पुढे लाल दिवा, टोलची रांग किंवा एसटी थांबलेली दिसली की लांबूनच मूठ सोडा. ब्रेक दाबायची वेळ आलीच नाही, तर तेवढी वीज घरात राहिली.

टायरमधली हवा निघायच्या दिवशी सकाळी, टायर गार असताना, डबलसीटसाठी कंपनीने दिलेल्या दाबाप्रमाणे. चेन असेल तर तेल. पुढे.

चार्जर. घरच्या भिंतीवर लटकवून निघणारे महाभाग असतात. पिन पंधरा अँपियरची असेल तर टपरीत सॉकेट तसा मिळेलच असं नाही. वायरमनला विचारून बरं कन्व्हर्टर घ्या, स्वस्तातलं नको, वितळतं. शंभर रुपये सुटे. दोन युनिट वीज घेतलीत तर मालकाला विचारून पैसे द्या, आणि रस प्या, भरपूर.

आता घाट. खंबाटकी चढताना टक्के भराभर पडतील, घाबरू नका, पलीकडे उतार आहे, तिथे मोटरच वीज बनवून बॅटरीत परत टाकते, थोडी भरपाई होते. वाईपुढच्या पसरणी घाटात ती होत नाही. वाई सोडली की पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटरात साडेपाचशे मीटरच्या वर चढायचं. गाडी, दोन माणसं, सॅक मिळून २८० किलो धरा. नुसतं तेवढं वजन तेवढं वर न्यायला जवळजवळ अर्धं युनिट, मोटरमधली गळती धरून त्याहून जास्त. माझ्या बॅटरीतले पंधरा टक्के निव्वळ उंचीचे, रस्त्याचे अकरा-बारा वेगळे. वाईला पंचवीस टक्के दिसले की मोह होतो, जाऊ तसंच वर. जायचं नाही. शेवटच्या वीस टक्क्यांत बऱ्याच गाड्या ताकद कमी करतात आणि भर वळणावर डबलसीट गाडी दहाच्या वेगाने रांगायला लागली की मागे एसटीचा हॉर्न. वाईतच दीड-दोन तास लावा, पन्नासच्या वर गेल्याशिवाय हलू नका. म्हणजे घरून निघायचं पाचला. ताईला साडेचार सांगा.

घाटात तीसने, मूठ एकसारखी. वर पोचल्यावर लगेच प्लग लावू नका, बॅटरी तापलेली असते, पंधरा मिनिटं सावलीत.

वर पूर्ण शंभर टक्के भरू नका, नव्वदला थांबवा. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज शिरायला जागाच नसते. ब्रेकवर जपून. वाईला पुन्हा टक्के बघा. परतीची वेगळी पट्टी लिहा, बोगद्याने यायचं असल्यामुळे खंबाटकीचा चढ कमी आहे, पण संध्याकाळचा वारा धरा. चार्जर शाळेच्या वॉचमनच्या केबिनमध्ये विसरू नका. आणि आकडा अजून काढला नसेल तर पुढच्या रविवारी खेड शिवापूर, सकाळी सात, ट्रक कमी असतात.