शहरातले पक्षी-फुलं रंगवताय? मग या चुका टाळा

पक्षी पाहायचे तर नांदूर मध्यमेश्वरच गाठायला हवं, असा नाशिककरांचा समज आहे. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेली ती जागा सुंदरच आहे, हिवाळ्यात जरूर जा. पण गंगापूर रोडवरच्या जुन्या बंगल्यांच्या कुंपणावर दयाळ गातो, गोदाकाठी खंड्या बसतो, पांडवलेण्याच्या पायथ्याशी वेडे राघू तारेवर ओळीनं दिसतात. एवढं सगळं दारात असताना माझ्याकडे शिकायला येणारे बहुतेक जण मोबाईल समोर ठेवून चित्र काढतात. निम्म्या चुका तिथेच सुरू होतात.

त्यातली मला सगळ्यात खुपणारी चूक म्हणजे हमिंगबर्ड. हा पक्षी फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत असतो, भारतात नाही. तरी दर बॅचला कोणीतरी जास्वंदीवर तरंगणारा हमिंगबर्ड घेऊन येतंच. एका मुलानं इंदिरानगरमधल्या मावशीला भेट द्यायला असंच चित्र केलं होतं. लाल गळा, पंख हवेत, रंगकाम अगदी सफाईदार. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हा रोज मावशीच्या गॅलरीत येतो." येत होता तो जांभळा शिंजीर (सनबर्ड). मी त्याला सांगितलं, मोबाईल घरी ठेव, वही-पेन्सिल घे आणि सकाळी त्या गॅलरीत बस. तो नाराज झाला, कारण चित्र त्याच्या दृष्टीनं पूर्ण झालं होतं. आठवड्यानं आला तेव्हा वहीत नुसत्या अर्धवट रेघोट्या होत्या. पण प्रत्येक रेघोटीत पक्षी देठाला पायानं धरून बसलेला, मान वळवून फुलाच्या बुडाशी चोच खुपसलेली. शिंजीर क्वचित क्षणभर तरंगतो, एरवी असा बसूनच मध पितो. त्या रेघोट्यांवरून त्यानं नवं चित्र केलं, आणि मावशीनं पाहताक्षणी आपला पक्षी ओळखला.

या शिंजीराच्या नराला ट्यूबमधला काळा रंग फासू नका. तो सावलीत काळा दिसतो, ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो. मी अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट अंबर हा तपकिरी मिसळून गडद रंग करते आणि चमकेच्या जागी कागद कोरा सोडते. वरून पांढरा ठिपका देऊन ती चमक येत नाही.

दुसरी चूक पायांची. पाय जमत नाहीत म्हणून ते पानाआड लपवायचे, ही पळवाट मी वर्गात चालू देत नाही. बुलबुल, दयाळ, साळुंकी यांची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. पोपट, तांबट, सुतार यांची दोन पुढे, दोन मागे. तीन बोटं पुढे काढलेला पोपट मला लांबूनही टोचतो. मागे वाकलेला गुडघा म्हणून जो काढला जातो तो खरं तर घोटा. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. माझी सवय अशी की आधी फांदी, मग तिला धरलेली बोटं, मग पोट आणि सगळ्यात शेवटी डोकं. बोटांपासून सरळ वर रेघ न्या. ती शरीराच्या वजनातून गेली नाही, तर पक्षी पडतोय असंच वाटणार. घाईवाले डोळ्यापासून सुरुवात करतात, कारण डोळा काढला की लगेच कौतुक होतं.

फुलांच्या बाबतीत मोजायचा आळस नडतो. बहाव्याला पाच पाकळ्या आणि दहा पुंकेसर, त्यातले तीन लांब आणि बाकदार. तामणीच्या पाकळ्या बहुधा सहा, कडेला चुरगळलेल्या. गुलमोहराची एक पाकळी इतरांपेक्षा वेगळी, पांढरट आणि ठिपक्यांची. आणि फुललेल्या पळसाला हिरवीगार पानं काढू नका. बहर येतो तेव्हा झाड जवळपास निष्पर्ण असतं. पावसाळ्यातला पळस काढायचा असेल, तर पळसाला पाने तीनच हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तरी पाच-पाच पानांचे झुपके येतात.

बाकीचं थोडक्यात. ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा वापरू नका, त्यात थोडा तांबूस मिसळा. जलरंगाला पातळ ड्रॉइंग पेपर घेऊन तो फुगल्याची तक्रार करू नका; ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद महाग आहे, म्हणून लहान तुकडे कापून वापरा. पावसाळ्यात कागद वाळत नाही म्हणून ओल्या रंगावर हेअर ड्रायर धरला की रंग पळतो. थांबा, तोवर दुसरं रेखाटन करा. एप्रिल-मेमध्ये याच्या उलट, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, अर्ध्यावर असतानाच सुकून कडा उमटतात. तेव्हा मोठे वॉश सकाळी लवकर उरकून घ्या.

आणि रेखाटनासाठी घरट्याजवळ जाऊ नका, फांदी बाजूला सारून डोकावू तर नकाच. वारंवार त्रास झाला तर पक्षी घरटं सोडून देतात. पिलांना भरवणारा दयाळ काढायचा असेल तर लांब बसा, दुर्बीण वापरा, नाहीतर तो विषय सोडून द्या.