घरी कोविडची अँटिजेन टेस्ट करण्याआधी

किट हातात आलं की आधी खोक्यावरची एक्स्पायरी बघा. ही किट्स साधारण २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात, त्यामुळे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पडलेल्या किटवर माझा तरी भरवसा नाही. फ्रीजमध्ये असेल तर आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. चंदेरी पाकीट मात्र शेवटच्या क्षणापर्यंत फोडायचं नाही. आतल्या टेस्टच्या कार्डाला दमट हवा लागायला नको.

टेबल पुसून घ्या, घड्याळ समोर ठेवा, नाक शिंकरा आणि साबणाने हात धुऊन कोरडे करा. लहान मुलाची टेस्ट असेल तर डोकं धरायला आणखी एक माणूस लागतो. माहितीपत्रक आधी पूर्ण वाचा, कारण थेंब किती नि मिनिटं किती हे प्रत्येक किटचं वेगळं. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या कोव्हिसेल्फ किटला आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मे २०२१ मध्ये मान्यता दिली. कोविडसाठी देशातलं ते पहिलं घरगुती किट. त्यात नमुना घ्यायची काडी २ ते ४ सेंटिमीटर आत घालून दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा फिरवायची, नळीतल्या द्रावात घुसळायची, कार्डावर दोन थेंब टाकायचे आणि १५ मिनिटांनी बघायचं. २० मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. बहुतेक जण काडी नाकाच्या तोंडाशीच टेकवून मोकळे होतात, आणि मग निगेटिव्ह आली म्हणून खूश!

कार्डावर ‘सी’ची, म्हणजे टेस्ट नीट झाली हे सांगणारी रेघच आली नाही तर टेस्ट फुकट गेली, नवं किट घ्या. ‘टी’ची, म्हणजे विषाणू सापडल्याची रेघ पुसट असली तरी पॉझिटिव्हच. निगेटिव्हवर मात्र लगेच विसंबू नका. प्रयोगशाळेतल्या आरटीपीसीआर टेस्टमध्ये विषाणूच्या जनुकीय अंशाच्या लाखो प्रती काढतात. अँटिजेन टेस्टमध्ये नाकातून आलेलं विषाणूचं प्रथिन जेवढं असेल तेवढंच, त्यामुळे आजाराच्या पहिल्या एक-दोन दिवसांत टेस्ट चुकू शकते. म्हणून किट एक नाही, दोन आणा. ताप-खोकला असेल तर ४८ तासांनी पुन्हा करा किंवा सरळ आरटीपीसीआर करून घ्या. शिवाय नुसतं कोविडचं किट फ्लू ओळखत नाही.

पॉझिटिव्ह आल्यावर धावपळ नको म्हणून वेगळी खोली, मास्क, थर्मामीटर, ऑक्सिमीटर आणि डॉक्टरांचा नंबर आधीच तयार ठेवा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचं जेवणखाण कोण बघणार तेही ठरवा. वापरलेली काडी, नळी, कार्ड किटमधल्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाताला ते उघडं लागू नये.