फेझंटच्या (कोंबडीसारख्या रानपक्ष्याच्या) शिकारीला जाताय? आधी बंदूक धरायची शिका
आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंदच आहे, त्यामुळे नागपुरातून अमेरिकेतल्या साउथ डकोटाला पोराकडे गेलेल्यांनी गाईडसोबत शेतात उतरायच्या आधी हे नक्की वाचा.

शॉटगन हातात आली की पहिले उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, रिकामं आहे का ते स्वतः बघायचं, समोरच्याने सांगितलं तरी. नळी आकाशाकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि सेफ्टी (चाप अडवणारी कळ) पक्षी उडाल्यावर बंदूक खांद्याला लावतानाच काढायची.

सगळ्यात डेंजर म्हणजे काडतुसांची मिसळ. गेज म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक. २० गेजचं काडतूस १२च्या नळीत पुढे सरकून अडकते, चेंबर रिकामं दिसते, मागून १२चं टाकून चाप ओढला की नळी फुटते, म्हणून खिशात एकच गेज ठेवा ना भाऊ, २०चं पिवळं असते.

शेतात सगळे लाईनीत चालतात, त्यात पुढेमागे व्हायचं नाही, आपल्या समोरच्या पट्ट्यातलाच पक्षी आपला. खालून उडणाऱ्यावर बार नाही, तिथे कुत्रा असतो. मादी सोडायची, तिथे फक्त नरच मारता येतो. नारंगी जाकीट घालाच. कुंपण ओलांडताना काडतुसं काढून. गाईडच्या कुत्र्याला आपण हुकूम देऊ नये, गाईडची मेहनत असते त्यामागे. आणि दारू बंदुका पेटीत गेल्यावरच.