रक्त थांबवणारं औषध दिलंय? मग युरोमीटर बघा

हार्ट सर्जरीचा पेशंट आयसीयूत आला की नव्या सिस्टर आधी ड्रेन (छातीतलं रक्त बाहेर काढणारी नळी) बघतात. बघावाच. पण रक्तस्राव रोखायचं औषध दिलेलं असेल, तर किडनीकडे, म्हणजे युरोमीटरकडेही (नळीतून येणारी लघवी मोजणारा डबा) तेवढंच लक्ष हवं.

आधी फाइल उघडा. कोणतं औषध, किती डोस, ऑपरेशनआधीचं क्रिएटिनिन (किडनी कमजोर झाली की रक्तात वाढतं ते) किती? रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड बहुतेक सगळं लघवीवाटेच बाहेर पडतं. किडनी आधीच कमजोर असेल तर ते साचतं, फिट येऊ शकते. म्हणून डोस कमी करतात. क्रिएटिनिन वाढलेलं असूनही डोस नेहमीचाच दिसला तर डॉक्टरांना विचारा. चिडले तर चिडू देत.

अ‍ॅप्रोटिनिनची गोष्ट वेगळी. तेही रक्तस्राव रोखणारंच, पण किडनीच्या नलिकांतच साठतं. 2006 च्या एका मोठ्या अभ्यासात त्याचा किडनी निकामी होण्याशी संबंध दिसला. पुढच्या वर्षी दुसऱ्या चाचणीत मृत्यू जास्त दिसले आणि कंपनीने विक्री थांबवली. 2012 मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने मर्यादित वापराला पुन्हा मुभा द्यायची शिफारस केली. म्हणून नाव नीट वाचा.

आता लघवी. दर तासाला, किलोमागे निदान अर्धा मिली हवी. म्हणजे 60 किलोच्या पेशंटला 30 मिली. सलग सहा तास त्याखाली राहिली तर किडनीला इजा धरतात, पण सहा तास वाट कोण बघणार? मी दुसऱ्या तासालाच फोन करते.

त्याआधी लघवीची नळी मात्र बघा. कुठे दुमडलीय का, पेशंटच्या मांडीखाली दबलीय का? लघवी लालसर असेल तर गुठळी अडकली असेल. या औषधांमुळे गुठळ्या लवकर विरघळत नाहीत. ओटीपोट फुगलेलं लागलं तर संशय पक्काच. ऑर्डरशिवाय नळी फ्लश करू नका, म्हणजे आत पाणी सोडून धुऊ नका.

नळी मोकळी असेल तर बीपी बघा. खरं सांगायचं तर औषधापेक्षा पडलेलं बीपी आणि पंपवरचा (ऑपरेशनमधल्या हार्ट-लंग मशीनवरचा) लांबलेला वेळच जास्त वेळा नडतो. आजचं क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ते मागाहून चढतं. 48 तासांत 0.3 mg/dL ने वाढलं तरी ती इजाच. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक लिहिलेलं असेल तर देण्याआधी विचारा, ते किडनीला नडू शकतं.

फोनवर "लघवी कमी आहे" एवढंच नको. "वजन 60, दोन तासांत 35 मिली, नळी मोकळी, बीपी 90, आधीचं क्रिएटिनिन 1.4, ट्रॅनेक्सा दिलंय," असं सांगा.