जावा 17 टाकलं तरी मेव्हन 8 च पकडतंय? माझा अनुभव

उबुंटूवर जुन्या प्रोजेक्टसाठी जावा 8 आणि नव्यासाठी 17, दोन्ही टाकलेले. टर्मिनलवर ‘जावा -व्हर्जन’ 17 दाखवायचं पण मेव्हनने (जावा प्रोजेक्ट बिल्ड करायचं टूल) बिल्ड केलं की ‘इनव्हॅलिड टार्गेट रिलीज: 17’. डोकं पार आउट झालं.

अपडेट-अल्टरनेटिव्ह्जने (उबुंटूची डिफॉल्ट व्हर्जन बदलायची कमांड) काही होत नाही, ते फक्त पाथमधला, म्हणजे टर्मिनलला सापडणारा, जावा बदलतं आणि मेव्हन आधी जावा_होम (जावा कुठल्या फोल्डरात आहे ते सांगणारं सेटिंग) बघतं. बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंग फाइल) जावा_होम 17 केलं, एको करून बघितलं, बरोबर येतंय, तरी ‘एमव्हीएन -व्ही’ (मेव्हन कुठला जावा वापरतंय ते दाखवणारी कमांड) मध्ये 1.8, म्हणजे जावा 8 च.

मग ‘मेव्हन_स्किप_आरसी=1 एमव्हीएन -व्ही’ मारलं (सगळं एकाच ओळीत; यात मेव्हन स्वतःच्या आरसी, म्हणजे सेटिंग फाइली वाचत नाही) आणि लगेच 17 आलं. म्हणजे भानगड आरसी फाइलची. होम फोल्डरमध्ये ‘.मेव्हनआरसी’ नावाची लपलेली फाइल असते, साध्या ‘एलएस’ला दिसत नाही, ‘एलएस -ए’ करा, त्यात जुन्या सेटअप स्क्रिप्टने जावा_होम 8 ची ओळ टाकून ठेवलेली आणि मेव्हन दरवेळी तीच वाचत होतं. ती ओळ काढा, मग ‘एमव्हीएन -व्ही’ परत बघा. तिथे नसेल तर ‘/इटीसी/मेव्हनआरसी’ पण बघा.

जुन्या प्रोजेक्टला 8 लागतंच, त्यासाठी एसडीकेमॅन (जावाची व्हर्जन्स टाकायचं-बदलायचं टूल) घेतलं: प्रोजेक्टच्या फोल्डरात ‘एसडीके एन्व्ह इनिट’, तयार झालेल्या ‘.एसडीकेमॅनआरसी’त 8 चं व्हर्जन, आणि काम सुरू करताना ‘एसडीके एन्व्ह’.