ला पाझला नांगर टाकलाय? आधी वारा बघा, मग किनारा

भिजलेल्या टॉर्टियाचा, म्हणजे मेक्सिकन पोळीचा, पुन्हा पिठाचा गोळा होतो. हे मला मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पावरच्या ला पाझच्या खाडीत, मे महिन्यातल्या एका रात्री साडेदहा वाजता कळलं. दोन किलो टॉर्टिया, कोथिंबीर, लिंबं आणि माझी एकुलती एक कोरडी पँट, सगळं डिंगीच्या, म्हणजे किनाऱ्यावर ने-आण करणाऱ्या छोट्या होडीच्या, तळाशी तरंगत होतं. भरतीचं पाणी आत येत होतं, कोरोमुएल नावाचा वारा त्याच्या तोंडावर वाहत होता आणि मधल्या त्या आखूड, उभ्या लाटांतून आम्ही चौघं आमच्या बोटीचा दिवा शोधत होतो.

मी एका शेहेचाळीस फुटी शिडाच्या बोटीवर स्वयंपाक करते आणि गरज पडली की दोरही ओढते. ला पाझमध्ये तीन मुक्काम झाले. इथे किनाऱ्यावर काय करावं, असं नवीन आलेला प्रत्येक क्रू विचारतो. मी उलट विचारते, 'वारा कुठला आहे?' कारण इथे बेत घड्याळावर ठरत नाही.

दोन वारे ओळखून ठेवा. उन्हाळ्यातला कोरोमुएल संध्याकाळनंतर नैऋत्येकडून सुटतो आणि सकाळपर्यंत वाहतो. पॅसिफिकवरची गार हवा द्वीपकल्पाच्या सखल भागातून तापलेल्या आखाताकडे ओढली जाते, म्हणून. क्रॉमवेल नावाच्या कुणा चाच्यावरून हे नाव पडलं म्हणतात. खरंखोटं तो वारा जाणे, पण रात्री झोप छान लागते. दुसरा हिवाळ्यातला उत्तरेचा वारा, नोर्ते. तो आला की दोन-तीन दिवस मुक्कामच ठोकतो. म्हणून उन्हाळ्यात काळोखाआधी बोटीवर परता, नाहीतर सरळ किनाऱ्यावरच रात्र काढा. आणि हिवाळ्यात नोर्तेचे दिवस जमिनीवरच्या फिरण्यासाठी राखून ठेवा.

आणखी एक गंमत. इथे प्रवाह आणि वारा यांची ओढाताण चालते, त्यामुळे नांगरावरच्या बोटी एका दिशेला तोंड करून राहत नाहीत, एकमेकींभोवती फेर धरतात. जुने लोक त्याला ला पाझचा वॉल्ट्झ म्हणतात. त्यामुळे सगळ्यांनी एकदम बोट सोडू नका. पाणी फिरायच्या वेळेला एकाने तरी मागे थांबावं. आमच्यात ही पाळी पत्त्यांवर ठरते आणि कप्तान नेहमी जिंकतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

सकाळी आठला व्हीएचएफ रेडिओ बावीस नंबरवर लावा. रविवार सोडून रोज तिथे बोटवाल्यांचा कट्टा भरतो. आधी कुणाला तातडीची मदत हवी आहे का हे विचारतात, मग हवामान, भरती-ओहोटी, कोण उत्तरेला विमानाने निघालंय आणि पत्रं घेऊन जाईल, आणि शेवटी देवाणघेवाण. बाहेरून आणलेलं सामान इथे विकणं कायद्यात बसत नाही, म्हणून कुणी 'जुना पंप आहे, नारळांच्या बदल्यात देईन' म्हणालं तर गोंधळू नका, नारळ म्हणजे पैसेच. माझ्या पहिल्या वर्षी मी खरोखर नारळ शोधत बाजारभर फिरले होते.

डिंगी मरिनाच्या डिंगी-धक्क्यालाच लावा. रोजचे थोडे पैसे पडतात, पण मालेकोन, म्हणजे किनाऱ्याकडेच्या फिरायच्या रस्त्यासमोरच्या वाळूवर ओढून ठेवली तर ओहोटीत पाणी इतकं मागे जातं की परतताना ती चिखलातून उचलून न्यावी लागते. साखळीने बांधा. रात्री बोटीवर आलात की डिंगी पाण्यात सोडू नका, वर उचलून घ्या. पासपोर्ट बोटीवर, झेरॉक्स खिशात. पाणी न शिरणारी पिशवी प्रत्येकाची वेगळी हवी (टॉर्टियांना स्वतःची).

आता माझ्या आवडीचं. मर्कादो ब्राव्हो या बाजारात सकाळीच जा. मासळीच्या ओट्यावर वाचिनांगो म्हणजे लाल तांबोशीच्या जातीचा मासा, काब्रिया, धुरावलेला मार्लिन आणि तपकिरी शिंपल्यांची 'आल्मेखा चोकोलाता' असते. नावात चॉकलेट आहे ते फक्त रंगापुरतं. ही शिंपली लोक उघडून लिंबू पिळून कच्चीच खातात. मी खाते, पण बोटीवर नेऊन कच्ची कुणाला वाढत नाही, कारण बर्फपेटीवर माझा विश्वास नाही. 'क्वांतो क्वेस्ता एल किलो?' म्हणजे 'किलोला किती?' एवढं विचारता आलं तरी काम होतं. उत्तर समजण्यासाठी शंभरपर्यंतचे आकडे आधी पाठ करा. ते न केल्यामुळे मी एकदा एका किलोऐवजी सहा किलो कांदे उचलून आणले आणि आठवडाभर बोटीवर कांद्याशिवाय काही शिजलं नाही.

माशाचे टाको हे इथे सकाळ-दुपारचं खाणं आहे. गाडीवर तळलेला गरम मासा टॉर्टियात घालून देतात. कोबी, साल्सा, काकडी, लिंबू आपण आपलं घ्यायचं. दुपार कलली की मासा संपतो आणि गाडी बंद. रात्री निखाऱ्यावरच्या मांसाचे, म्हणजे कार्ने आसादाचे टाको सुरू होतात. रात्री नऊला माशाचा टाको शोधत फिरणारा क्रू दिसला की समजायचं, कालच आलेत.

पैसे पेसोत ठेवा आणि सुट्टे जपा. एटीएम तुमच्या चलनात रूपांतर करून द्यायला तयार असतं. त्याला नाही म्हणा, पेसोतच घ्या, नाहीतर दर वाईट लागतो. सुपरमार्केटमध्ये सामान पिशवीत भरून देणारी वयस्कर माणसं बहुतेक वेळा फक्त बक्षिसीवर काम करतात. त्यांना नाणी द्या. बिअरची ९४० मिलीची बाटली मागायची असेल तर 'बायेना' म्हणा. बायेना म्हणजे देवमासा. आमचा एक गोरा क्रू टूर विकणाऱ्या माणसापाशी जाऊन थंडगार बायेना मागत होता.

मालेकोन सुमारे पाच किलोमीटर आहे. दिवसा तिथे उन्हात भाजण्यापलीकडे काही नाही. रविवारी संध्याकाळी जा. अख्खं शहर बाहेर पडलेलं असतं, आज्या खुर्च्या टाकून बसतात, पोरं स्केटवर आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी. हातात नारळाची पालेता, म्हणजे काडीवरची कुल्फी, घेऊन चाला आणि वाटेतले ब्राँझचे पुतळे बघा. कागदाच्या होडीची टोपी घातलेला म्हातारा माझा लाडका. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासाच्या काळाच्या, आधीच्या आठवड्यात इथे कार्निव्हल असतो. तेव्हा समोरच नांगर टाकलेल्यांनी झोपेची आशा सोडावी, पाण्यावरून ढोल आणखी मोठे ऐकू येतात.

हिवाळ्यात आलात तर देवमाशाएवढा शार्क, म्हणजे व्हेल शार्क, हे ला पाझचं खास. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल ते एल मोगोतेच्या वाळूपट्टीजवळच्या उथळ पाण्यात चरायला येतात. स्वतःच्या डिंगीतून तिथे घुसू नका. तो भाग राखीव आहे, परवानगी असलेल्या पांगा, म्हणजे छोट्या उघड्या मोटरबोटीतून आणि गाइडबरोबरच जाता येतं, तेही एका वेळी ठरावीक बोटी. त्यामुळे कधीकधी वाट बघावी लागते. हात लावायचा नाही, पुढून अडवायचं नाही. सकाळची फेरी घ्या. आणि नोर्ते सुरू असेल तर पैसे भरूच नका, लहान बोटींना बंदर बंद करतात आणि तुमचा दिवस धक्क्यावर जातो.

बालान्द्राच्या किनाऱ्याला मात्र बोटीने नाही, मालेकोनवरच्या बस थांब्यावरून बसने जा, असं माझं मत. मत एवढ्यासाठी, की कप्तानाला हे मुळीच पटत नाही. किनाऱ्यावर माणसांची संख्या मर्यादित आहे, सकाळची आणि दुपारची अशा दोन पाळ्यांत सोडतात, म्हणून पहिली बस पकडा. पाणी इतकं उथळ की अर्धा खाडीपट्टा कमरेएवढ्या पाण्यातून चालत ओलांडता येतो. टोकाला छत्रीसारखा दगड आहे, एल होंगो. तो एकदा मोडला होता, लोकांनी पुन्हा उभा केला. त्याच्यावर चढू नका, एवढी विनंती.

आणि नोर्तेचा दिवस उगवला की गाडी भाड्याने घ्या. इंटरनेटवर दिसणारा दर बघून हुरळू नका, मेक्सिकोतला दायित्व विमा वर लागतोच, म्हणून विमा धरून भाव विचारा. दक्षिणेला निघालात की सान पेद्रोच्या पुढे रस्ता फुटतो. एक नंबरचा महामार्ग एल त्रिउन्फोला जातो. एकोणिसाव्या शतकात चांदीच्या खाणींनी गजबजलेलं ते गाव, आता शांत, मधोमध उंच विटांची चिमणी, 'ला रामोना'. ती आयफेलने आखली असं तिथला प्रत्येक जण सांगतो. मी मान डोलावते.

मागे येऊन एकोणीस नंबरला लागलं की तोदोस सान्तोस. गाव सुंदर आहे, दुकानं महाग आहेत, तासाभरात उरकतं. मला तिथे न्यायचंय ते गावाबाहेर, पुन्ता लोबोसला. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला मच्छीमारांच्या पांगा पॅसिफिकवरून परततात. धक्का नाही, खाडी नाही. नाखवा बाहेर थांबून लाटा मोजतो आणि मोठी लाट पाठीशी आली की इंजिन पूर्ण सोडून बोट थेट वाळूवर चढवतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओरडलेच. तिथे पोहू नका, पाणी ओढून नेतं. पण मासळी बोटीच्या कडेलाच विकत मिळते, साफ करून देतात. बर्फाची पेटी गाडीत हवी, आणि सुट्टे पेसोही.

तिथून साडेतीनला निघाच. अंधारात या रस्त्यांवर गाई बसलेल्या असतात, तापलेलं डांबर त्यांना आवडतं. गावांच्या तोंडाशी 'तोपे' म्हणजे गतिरोधक पाटीशिवाय येतात, एका तोपेवर आमची मासळीची पेटी उलटली होती. उजेडात धक्क्यावर पोहोचलात तर डिंगीत पेटी आधी चढवा, मग माणसं.